आठवी ‘ब’चे पेपर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुला का सांगतोय, ते विचारू नकोस.

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले. दोनच. मी गणिताचा जुना मास्तर, आठवी ‘अ’ माझी. ‘ब’ सावंतबाईंची – गिरणी कामगाराची मुलगी, वर्षाच्या बोलीवर घेतलेली. हेडसरांनी ठरवलं, ‘ब’ने गणित कॉम्प्युटरवर शिकायचं, ‘अ’ने फळ्यावर, आणि वर्षअखेर दोघांना एकच पेपर. ‘ब’ पुढे गेली तर बाई कायम. नाहीतर घरी.

आता सांग, संशय येणार नाही? कॉम्प्युटरच्या खोलीला एसी, म्हणून दार कायम बंद. आत पोरं खिदळायची. गणिताच्या तासाला कोण हसतं रे? त्यात पेपर आम्ही दोघांनी मिळून काढलेला, म्हणजे प्रश्न तिला ठाऊक. म्हटलं, ही बया पेपर फोडणार.

तपासायला गठ्ठ्यांची अदलाबदल व्हायची. ‘ब’चा माझ्याकडे आला. पहिल्याच पेपरात ‘क्ष मानू’ नाही, समीकरण नाही – थेट उत्तर. आणि बरोबर. दुसऱ्यातही तेच. म्हटलं, सापडली.

मग एका मुलीचा पेपर आला. तिने समासात सगळं लिहिलं होतं – बारा घेऊन पाहिले, जास्त झाले. नऊ घेतले, कमी पडले. दहा घेतले, जमले.

कळलं मला. तिथेच कळलं. पोरं आकडा घालून बघत होती, चुकला की सुधारत होती – कॉम्प्युटरवर करायची तसंच. माझी पोरं ‘क्ष मानू’ लिहून पुढे गप्प बसायची.

आणि मी काय केलं? पायऱ्यांचे गुण कापले. सगळ्यांचे. त्या मुलीचेही. अहवालात लिहिलं – ‘उत्तरे आधीच माहीत असल्याचा संशय.’ संशय? तो तर तेव्हा उरलाच नव्हता. जळत होतो मी, दुसरं काही नाही.

सावंतबाई स्टाफरूममध्ये आल्या. रडल्या-बिडल्या नाहीत.

“सर, तुम्हाला खरंच वाटतं मी पेपर फोडला?”

“मला काय वाटतं ते सोडा, बाई. पेपर समोर आहेत.”

जूनमध्ये त्या आल्या नाहीत. कॉम्प्युटरचा तास मला मिळाला. आकडा घाला, चुकला तर सुधारा – पोरांना मी तेच शिकवलं. पालकसभेत एकाने कौतुकाने विचारलं, सर, ही रीत कुणाची?

मी म्हटलं, माझीच.