समोरच्या गॅलरीतली बोरं

लस द्यायची की नाही, हे आईनंच ठरवायचं, यावर आपल्या ग्रुपवर लई वाद झाले. आज आमच्या गल्लीत काय झालं ते सांगते.

भाच्याचं बोरनहाण होतं. त्याच्या डोक्यावरून चुरमुरे-बोरं ओतली आणि गल्लीतली पोरं वेचायला तुटून पडली. फक्त सहा वर्षांची आयेशा समोरच्या गॅलरीतच थांबली. तिच्यावर रक्ताच्या कॅन्सरचे उपचार चालू आहेत.

वहिनी, म्हणजे भाच्याची आई, म्हणाली, "आयेशा, ये की खाली."

तिच्याजवळ उभी असलेली तिची आई, सलमाभाभी, वरूनच म्हणाली, "गोवराची लस तिला सध्या देता येत न्हाय गं. लस न घेतलेल्या लेकरांत पाठवू नका म्हणलेत डॉक्टर."

आधीच्या एका लसीनं बाळ तापलं, म्हणून घाबरून वहिनीनं त्याची गोवराची लस टाळली होती.

आयेशानं वरून दोरीला बांधलेली पिशवी सोडली. वहिनीनं ती बोरांनी भरली आणि म्हणाली, "भाभी, उद्या ह्याला लस द्यायला नेते."

निर्णय आजही आईनंच घेतला.

पिशवी वर ओढत आयेशा म्हणाली, "मावशी, बाळ रडलं तर सांगा, लई दुखत न्हाय. मला रोज टोचत्यात."