गोंडी गणित

बाईंनी मला बाकावर उभं केलं तेव्हा माझं काय चुकलं तेच मला कळलं नव्हतं. चौथीचा वर्ग. नागपुरात येऊन आम्हाला दोन महिने झाले होते. बेरीज शिकवायची म्हणून बाईंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, आपापल्या घरच्या देवघरात देव किती ते मोजून या. मुलं मोजून आली. कोणाचे अकरा, कोणाचे चौदा. एकीचे तेवीस होते, तिला बाईंनी शाबासकी दिली. फळ्यावर आकडे मांडत मांडत त्या माझ्यापर्यंत आल्या.

"सहा," मी म्हणाले.

"कोणकोणते?"

"सहा," मी पुन्हा म्हणाले.

"नावं सांग ना. गणपती, बाळकृष्ण, कोण?"

"नावं आजोबाले माहीत आहे. आम्ही सहा देवाचे आहो."

मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी विचारलं, "घरात देवघर आहे?" मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी हजेरीपट उघडला. माझ्या आडनावावर बोट ठेवलं. मग वर्गाकडे तोंड करून म्हणाल्या, "देवघर नाही. देवांची नावं माहीत नाहीत. आणि देव सहा. याला म्हणतात गोंडी गणित."

वर्ग हसला. बाईही हसल्या. फळ्यावरच्या बेरजेत माझा सहा त्यांनी घेतला नाही. तास संपेपर्यंत मी बाकावर उभी होते आणि फळ्यावरची ती बेरीज बघत होते. माझ्या सहाशिवाय तिचं उत्तर बरोबर आलं होतं.

मी खोटं बोलले नव्हते. कुहीकडच्या आमच्या गावात दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न हाच असायचा, किती देवाचे? कोणी म्हणायचं चार, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. त्या आकड्यावरून कळायचं की समोरचा भाऊ लागतो की सोयरा. सहा देवाच्या मुलीचं लग्न सहा देवाच्या घरी होत नाही. हा आकडा म्हणजे आमचा पत्ता. बाईंनी देव विचारले, मी पत्ता सांगितला. नऊ वर्षांच्या पोरीला यातला फरक कोणी समजावून सांगितला असता तर समजला असता. पण समजावणं सोडून सगळे हसले.

त्या दिवसापासून तो शब्द वर्गात मोकाट सुटला. वहीवर शाई सांडली, गोंडी. डोक्याला तेल जास्त लागलं, गोंडी. गंमत म्हणजे तो माझ्यापुरता राहिला नाही. कोणाचंही गणित चुकलं की सगळे ओरडायचे, गोंडी गणित, गोंडी गणित. ज्याला म्हणायचे तो रडवेला व्हायचा. आणि मी? त्यांनी आपल्याला म्हटलं नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटायचं. हे लिहितानाही मला एका जागी बसवत नाही. दोनदा उठून आले.

बाबा सरकारी रोपवाटिकेत माळी होते. ते एकदा मुख्याध्यापकांना भेटायला गेले. धुतलेला शर्ट घालून, टोपी हातात घेऊन. मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी बाबांना खुर्ची दिली आणि सल्लाही दिला. म्हणाले, आडनाव बदलून घ्या, पोरीचा त्रास वाचेल. पुढच्या वर्षी बाबांनी मला दुसऱ्या शाळेत घातलं आणि गावाच्या नावावरून नवं आडनाव लावलं. शेवटी कर असलेलं. दाखल्याच्या कागदावर जात राहिली, आडनावातून गेली.

"आता तुले कोणी काही म्हणणार नाही," बाबा म्हणाले. मी खूश झाले. बाबांच्या तोंडाकडे मी तेव्हा बघितलंच नाही.

आणखी एक सांगायचं आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. सातवीत माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. तिचं अक्षर फार वाईट. एकदा चार मुलींच्या घोळक्यात मी तिची वही उंच धरली आणि म्हणाले, "काय गोंडी अक्षर आहे गं तुझं." सगळ्या हसल्या. मीही हसले, सगळ्यात मोठ्यानं. ती मुलगी कोणत्या जातीची होती मला माहीत नाही. तो शब्द म्हटला की मी त्यातून बाहेर पडते, एवढंच मला कळत होतं. आजही त्या हसण्याची मला शिसारी येते.

पुढे शिकले, टायपिंग शिकले, मराठी टंकलेखनात हात बसला. सीताबर्डीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पुस्तकं काढणारी एक छोटी संस्था होती, तिथे लागले. खिडकीतून मेट्रो जाताना दिसायची. काम शाळेच्या मुलांसाठी शब्दकोश काढण्याचं. संपादक म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. शांत, हसतमुख माणूस. मला बेटा म्हणायचे. एकेका शब्दाची एकेक चिठ्ठी त्यांच्या हातची यायची. आम्ही ती टाइप करायची, खालच्या कोपऱ्यात आपली सही करायची आणि परत द्यायची. शंका आली तर समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. मजकुराला हात लावायचा नाही. हा नियम.

सरांच्या खोलीत भिंतीवर एक चित्र होतं. हरणाच्या शिंगांतून झाड उगवलेलं, अंगभर बारीक ठिपके. येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवायचे. "अस्सल गोंडी आहे बरं का. आता परदेशात मागणी आहे याला." लोक जवळ जाऊन बघायचे. वा, म्हणायचे. चहाचा कप हातात घेऊन मीही कितीदा वा म्हटलं आहे.

क संपला. ख संपला. ग सुरू झाला आणि एका सकाळी ती चिठ्ठी माझ्यासमोर आली.

गोंडी. विशेषण. एक, गोंड लोकांचा, त्यांच्याविषयीचा. दोन, रानवट, गावंढळ, अडाणी. उदाहरण: त्याचे वागणे अगदी गोंडी आहे.

मी पहिला अर्थ टाइप केला. दुसऱ्यावर बोटं थांबली. मला माझ्या सहीचीही लाज वाटली, कारण खाली मी करवालं आडनाव लिहिणार होते. चिठ्ठी कीबोर्डखाली सरकवली आणि पुढची घेतली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. घरी जाताना बस सोडून पायी निघायची, व्हरायटी चौकातून, गर्दीतून, कपड्यांच्या ठेल्यांतून. एका ठेल्यावर चादरी टांगलेल्या होत्या, त्यांवर तीच हरणं, तेच ठिपके. विकणारा ओरडत होता, "गोंडी प्रिंट, गोंडी प्रिंट, ओरिजनल." मला त्याच्यावर राग आला नाही. मी थांबले नाही, चालतच राहिले.

रविवारी बाबांकडे गेले. ते आता निवृत्त. एका खोलीत राहतात, दारात पत्र्याच्या डब्यांत रोपं लावलेली. मी विचारलं, "बाबा, गोंड म्हणजे काय?"

"काहून वं? इतक्या वर्षानं?"

मी चिठ्ठीचं सांगितलं. ते बराच वेळ डब्यातली माती मोकळी करत राहिले.

"गोंड हे दुसऱ्यायनं ठेवलेलं नाव आहे. माहा बाप आपल्याले कोयतूर म्हणे. डोंगरात राहते म्हणून लोकायनं गोंड म्हटलं, असं म्हणते. खरं काय, कोणाले माहीत. मग राजे झाले आपले. हे नागपूर कोणी वसवलं? तवा गोंडी म्हटलं तं लोक उठून उभे राहे. राज गेलं, अन् तोच शब्द शिवी झाला." मग थांबून म्हणाले, "अन् मी तुहं आडनाव बदललं. मी पण त्यातलाच."

"मी पण," मी म्हणाले. आणि सातवीतली गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग मी चौथीतली गोष्टही सांगितली. पोरं गोंडी म्हणून चिडवतात एवढंच त्यांना तेव्हा कळलं होतं, सहा देवांचं मी सांगितलंच नव्हतं. सहा देव म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, "तुह्या बाईले रीतच माहीत नव्हती. किती देवाचे असं विचारायचं असन तं विचारणाऱ्यानं आधी आपले सांगा लागते. तिनं सांगतले का तिचे?"

"नाही."

"मंग तू कायले सांगतले?"

सोमवारी मी एक कोरी चिठ्ठी घेतली. मोठ्या अक्षरात लिहिलं. गोंडी. एक, गोंड लोकांचा. ते स्वतःला कोयतूर म्हणतात. दोन, डोंगरातला, असा मूळ अर्थ सांगतात, खात्री नाही. तीन, राज्यकर्त्यांचा, जसे गोंडी राज्य. चार, राज्य गेल्यावर ज्यांच्या हातात शाळा आल्या त्यांनी मुलांना शिकवलेली शिवी. मीही शिकले, मीही दिली. पाच, महाग, भिंतीवर टांगण्याजोगा. खाली सही. आजोबांचं, बाबांचं तेच जुनं आडनाव, पूर्ण. अक्षर वाकडं आलं. येऊ दे म्हटलं.

दोन्ही चिठ्ठ्या सरांपुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा लावून वाचल्या. हसले.

"बेटा, कोश हा आरसा असतो. लोक बोलतात ते आपण नोंदवतो. शब्द आपण घडवत नाही."

"कोणते लोक, सर?"

"समाज. हा अर्थ रूढ आहे."

"तो रूढ झाला तेव्हा मी त्या वर्गात होते. बाकावर उभी होते."

त्यांना कळलं नाही. त्यांनी सही वाचली. पुन्हा वाचली. मग त्यांची नजर आधी भिंतीवरच्या चित्राकडे गेली आणि मग माझ्याकडे आली.

"अरे, तुम्ही... आधी सांगायचं ना. तुमच्याकडे बघून अजिबात वाटत नाही हो."

हे त्यांनी कौतुकानं म्हटलं. खरंच कौतुकानं. बेटाची मी तुम्ही झाले होते, तेही त्यांच्या लक्षात आलं नसेल. चौथीतल्या बाईंचं हसणं मला परवडलं असतं, पण हे कौतुक माझ्यानं गिळवेना.

"काय वाटत नाही, सर?"

"म्हणजे तसं."

"तसं म्हणजे दुसऱ्या अर्थासारखं?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही भावनिक होताय. मी तुम्हाला उद्देशून लिहिलेलं नाही."

"मग कोणाला उद्देशून? पाचवीतली पोरं हा कोश उघडतील. उदाहरण पाठ करतील. निदान ही शिवी आहे एवढं तरी लिहा. वापरू नका असं लिहा."

"शालेय कोशात इतकी जागा नसते. आणि मजकूर ठरवणं तुमचं काम नाही. तुम्ही टाइप करा."

"मी करणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मी कोणापुढे उच्चारलं. फार मोठ्यानं नाही. पण बाहेर बसलेल्यांच्या कीबोर्डचे आवाज थांबले, म्हणजे ऐकू गेलं असावं. सर म्हणाले, सांगितलेलं टाइप न करणारा माणूस माझ्या उपयोगाचा नाही. मी खुर्चीवरची पिशवी उचलली. माझी चिठ्ठी त्यांच्या टेबलावर राहू दिली.

कोश निघाला. ती नोंद दुसऱ्या कोणीतरी टाइप केली. दोन्ही अर्थ, उदाहरणासकट. माझं नाव कुठे नाही, हे बरं आहे. आता मी घरूनच टायपिंग करते, लोकांचे अर्ज, प्रबंध. आडनाव परत घेतलं. कागदपत्रांसाठी खेटे घातले, प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न, चांगलं होतं की, बदलता कशाला? बाबा सोबत यायचे. रांगेत माझ्या पुढे उभे राहायचे.

तो कोश ज्या शाळांत गेला, त्यांतल्या एकीत मी मागच्या महिन्यात गेले. माझी चौथीतली शाळा, तीच. इमारतीला नवा रंग, बाई नाहीत. मुख्याध्यापिका तरुण आहेत. मी पान उघडून दाखवलं, घरी पुन्हा लिहून काढलेली माझी चिठ्ठी पुढे ठेवली आणि म्हटलं, हे मुलांना वाचून दाखवायचं आहे, मी दाखवते. त्यांनी चिठ्ठी वाचली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ते पाहणं मी ओळखते.

"पण तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. खुर्ची ओढली, बसले आणि म्हटलं, "आमच्यात विचारणाऱ्यानं आधी आपलं सांगायचं असतं. तुम्ही सांगा. मग मी सांगते."

त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मी दर सोमवारी जाते.