हलतंय की थांबलंय

आमचे शेजारी नाशिकच्या तांबट आळीतून पितळेचे तुकडे आणायचे, तारेला टांगायचे आणि वाऱ्यावर ते फिरू लागले की भिंतीवरच्या त्यांच्या सावल्यांची फिल्म काढायचे. दांडी फिरवायचा कॅमेरा होता.

"माणसांची का नाही काढत, भाऊजी?"

"माणसं कॅमेरा बघितला की थांबतात, वहिनी."

कशालाच ते चांगलं-वाईट म्हणत नसत. 'हलतंय' किंवा 'थांबलंय', एवढंच. मला ते रिकामटेकडे वाटत.

अर्धांगवायूचा झटका आल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्या बोलत नव्हत्या, घासही घेत नव्हत्या. भाऊजी बघायला आले आणि म्हणाले, "थांबल्यात." मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी न विचारता आमच्या खिडकीत पितळी पानांचं झुंबर टांगलं. भिंतीवर सावल्या पळू लागल्या. सासूबाईंचे डोळे त्यांच्यामागे फिरले आणि त्या नादात वाटीभर पेज पोटात गेली.

मग एका दुपारी वारा पडला. मी चुलीपाशी होते. आतून बोबडा, पण चिडका आवाज आला, "मेलं थांबलं की. बोलाव त्याला."

पदराला हात पुसत मी तशीच शेजारी गेले.

"भाऊजी," मी म्हटलं, "सासूबाई हलल्या."