गार हाय, आज खडू

मामांशी हात मिळवायला गेलेला माणूस हमखास फसायचा. आपण हात पुढे करावा, मामांनी तो दोन्ही हातांत घ्यावा, उलटा करावा आणि सरळ स्वतःच्या गालाला लावावा. मग डोळे बारीक करून ते तसेच उभे राहायचे. गाल दाढी वाढलेला, खरखरीत. हात ऊबदार लागला तर "जा" म्हणायचे. गार लागला तर म्हणायचे, "गार हाय. आज खडू."

या खडूचा उलगडा आधी करतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत मामा फेटलिंग खात्याचे सुपरवायझर होते आणि मी स्टोअर सांभाळत होतो. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून तयार झालेल्या कास्टिंगच्या कडांना नको असलेली टोकं आणि पापुद्रे राहतात. ती ग्राइंडरने घासून काढायची, याला फेटलिंग म्हणतात. ग्राइंडर हातात धरला की बोटांपासून खांद्यापर्यंत माणूस थरथरत राहतो. वर्षानुवर्षं असा थरथरला की त्याच्या बोटांकडे जायला रक्तच कुरकुर करायला लागतं. गारठ्यात बोटं पांढरीफटक पडतात, मुंग्या येतात, आणि तरीही माणूस थांबला नाही तर पुढे पुढे त्या बोटांना काही कळेनासं होतं. हे सगळं मला मामांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

म्हणून रोज सकाळी गेटच्या आत उभे राहून मामा प्रत्येकाचा हात गालाला लावून बघायचे. गार निघाला की त्या दिवशी ग्राइंडर बंद आणि हातात खडू. तपासणीच्या टेबलाशी उभं राहून कास्टिंगवर कुठे घासायचं राहिलंय तिथे खुणा करायच्या, एवढंच काम. मामांच्या मते ही विश्रांती होती. गड्यांच्या मते हा चारचौघांत अपमान होता. ठिणग्या अंगावर घेणाऱ्या माणसाच्या हातात खडू दिसला की बाकीचे लांबून हाक मारायचे, "या गुरुजी. बाराखडी झाली का पोरांची?"

अशाने लोक चोरटे झाले नसते तरच नवल. कुणी गेटबाहेर चहाच्या ग्लासाला विळखा घालून बसायचा, कुणी दोन्ही हात काखेत घालून यायचा, कुणी मोटारसायकलच्या तापलेल्या इंजिनाला हात लावून घ्यायचा. मामा गाल पुसत म्हणायचे, "लेका, गालाला माझ्या ऑइलचा वास मारतोय. आज खडू."

एकदा गिऱ्हाईक कंपनीचे एक मोठे साहेब पाहणीला आले. त्यांनी सवयीने हात पुढे केला आणि तो थेट मामांच्या गालावर जाऊन बसला. साहेबांचं हसू जागच्या जागी गोठलं. आमच्या मालकांनी छताकडे बघायला सुरुवात केली. मामा शांतपणे म्हणाले, "गार हाय, साहेब. एशीत लई बसता वाटतं." जाताना त्या साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे गृहस्थ नेहमी असंच करतात का. मी म्हटलं, फक्त कामावर.

ते खरं नव्हतं. मामा शिवाजी पेठेत राहायचे आणि तिथेही त्यांचं हेच चालायचं. पेठेच्या टीमने एकदा फुटबॉलची मॅच घालवली. अगदी हातातला बॉल सोडला होता गोलकीपरने. सगळी पेठ त्या बिचाऱ्यावर तोंडसुख घेत असताना मामांनी गर्दीत शिरून त्याचा हात गालाला लावला आणि निकाल दिला, "हात बरा हाय. चूक डोळ्याची हाय." गोलकीपर त्यानंतर बरेच दिवस मामांच्या गल्लीतून जात नव्हता.

त्यांची दुसरी खोड प्लगची. कुणी फार वेळ ग्राइंडर सोडला नाही की मामा गुपचूप मागून जायचे आणि भिंतीतला प्लग उपसायचे. अचानक शांतता पडायची आणि गडी हातातल्या मुक्या यंत्राकडे बघत राहायचा. "ठेव खाली. हात झाडून ये," मामा म्हणायचे, आणि वर ठरलेलं वाक्य: "आन् धरताना कोंबडीचं पिल्लू धरल्यागत धर. आवळू नगो, मरतंय." ही खोड घरीही गेली होती. मामींनीच मला सांगितलं, "चटणी वाटायला घेतली की हे येऊन मिक्सरचा प्लग काढत्यात. आमच्यात चटणी टप्प्याटप्प्यानं हुती."

मामींची आणखी एक गोष्ट आम्हाला माहीत होती. मामांच्या शर्टाची बटणं रोज सकाळी त्याच लावून द्यायच्या. एवढ्या थोराड माणसाचे हे लाड ऐकून फेटलिंगमध्ये फार करमणूक व्हायची. मामाही हसायचे आणि म्हणायचे, "तुमच्या नशिबात न्हाय, तेला मी काय करू?"

माझ्याशी त्यांचं जमायचं नाही आणि माझ्यावाचून चालायचंही नाही. मला ते नावाने कधी बोलावत नसत, "काय स्टोअर" म्हणायचे. आमच्याकडे एक जुना ग्राइंडर होता. तो इतका थडथडायचा की गड्यांनी त्याला 'म्हातारी' नाव ठेवलं होतं. मामा तो माझ्याकडे जमा करायचे, मालक तो बाहेर काढायला लावायचे, आणि मधल्या मधे दोन्हीकडून मी बोलणी खायचो. शेवटी कंपनं मोजणारे एक साहेब यंत्र घेऊन आले. मामा दिवसभर त्यांच्या मागे मागे होते. साहेबांनी 'म्हातारी' भंगारात काढायला सांगितली, मधे मधे थांबण्याची पद्धत बरोबर आहे म्हणाले, पण नुसत्या गार हातावर जाऊ नका, मुंग्या येतात का तेही विचारा आणि डॉक्टरांना दाखवा, असंही बजावलं. मामांना हे इतकं पटलं की दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रश्न वाढवला. "हात. मुंग्या?" एवढंच म्हणायचे. साहेबांविषयी त्यांची एकच तक्रार होती, "यंत्र झ्याक हाय. पर तेला गाल न्हाय."

आता सर्जेरावविषयी सांगतो, कारण मामांचं खरं दर्शन मला त्याच्यामुळे झालं. सर्जेराव आमचा सगळ्यात तयार गडी. त्याने साफ केलेल्या कास्टिंगवरून बोट फिरवलं तर कुठेही अडायचं नाही. पेठ वडगावच्या पुढच्या एका खेड्यातून तो मोटारसायकलवर यायचा. आणि ऐन थंडीत, एवढा वारा खात येऊनही, त्याचा हात रोज ऊबदार निघायचा. मुंग्या विचारल्या तर "न्हाय की" म्हणायचा. मामा मला म्हणाले, "स्टोअर, ह्येला एक तर ताप हाय न्हायतर ह्यो चोर हाय."

त्याच थंडीत सर्जेराव एकदा रजा मागायला आला. म्हशीला कुणाची तरी दृष्ट लागली होती. सकाळी हा धारेला बसला की म्हैस लाथा झाडायची, पान्हाच सोडायची नाही. लिंबू-मिरची बांधून झाली होती, अंगारा लावून झाला होता, आता तिला कुठल्याशा देवस्थानाला दाखवायचं ठरत होतं. जो तो आपापला उपाय सांगत होता. मामा ऐकत होते.

"बायकूला धार देती?" त्यांनी विचारलं.

"व्हय की. तिला गप देती."

"आन् संध्याकाळी तुला?"

"संध्याकाळी देती कवा कवा. सकाळीच अंगात येतंय तिच्या."

"रविवारी येतो मी," मामा म्हणाले. "मला म्हशीतलं कळतंय."

मामांच्या घरी पिशवीतलं दूध यायचं. म्हैस त्यांनी रस्ता ओलांडतानाच काय ती पाहिली असेल. पण रविवारी उजाडायच्या आत ते माझ्या दारात हजर होते आणि मला स्कूटर काढावी लागली. थंडी अशी होती की मामा वाटभर माझ्या जर्किनच्या खिशात हात घालून बसले होते.

गोठ्यात सर्जेराव बादली घेऊन खाली बसला. सडाला हात लागला मात्र, म्हैस उसळली. बादली गडगडत मामांच्या पायाशी आली.

"बघा की मामा, असं करती," सर्जेरावची बायको म्हणाली.

मामांनी म्हशीकडे बघितलंच नाही. "हात," ते म्हणाले.

सर्जेरावने हात टॉवेलखाली घेतले.

"हात दाव, सर्जेराव."

त्याने हात बाहेर काढला. टोकापासून मधल्या पेरापर्यंत बोटं चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी होती. मामांनी तो हात गालाला लावला आणि पहिल्यांदाच मी त्यांना शहारताना पाहिलं.

"वैनी," ते म्हणाले, "तुमच्या म्हशीला काय बी झाल्यालं न्हाय. असला हात मला लावला असता तर मी बी लाथ मारली असती."

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. सर्जेराव मात्र हसला नाही. गेटच्या अलीकडच्या टपरीवर, स्टोव्हपाशी हात शेकून तो रोज आत येत होता, हे त्याने खाली बघत कबूल केलं. मुंग्या येत होत्याच, मागल्या थंडीपासून. "पर मामा, मला खडू नगो. गावात काय सांगू? ग्राइंडरवर हुतो, आता फळ्यावर हाय? अजून दोन-चार वर्सं काढतो, मग बघू."

मला वाटलं, आता मामा कडाडणार. ते भिंतीला टेकून बसले. तेवढ्यात वहिनींनी चुलीवरचा उकळता चहा स्टीलच्या ग्लासांत ओतून आणला. मी माझा ग्लास हातात घेतला आणि चटका बसून तसाच खाली ठेवला. मामांनी त्यांचा ग्लास मुठीत धरला होता आणि ते फुंकर घालत निवांत बसले होते.

"मामा, भाजंल की," वहिनी म्हणाल्या.

"भाजतंय व्हय?" मामा म्हणाले आणि ग्लासाकडे बघायला लागले. "मला न्हाय कळत. तुझ्यायवढा हुतो तवा मी बी असाच गडी हुतो, सर्जेराव. कोण अडवणारं न्हवतं, आन् अडवलं असतं तरी थांबलो नसतो. आता ह्या बोटास्नी ऊन बी सारखं आन् गार बी सारखं. म्हणून तर तुमचा हात गालाला लावून बघतो. गालाला तेवढं कळतंय."

बटणं मामी का लावतात हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं आम्ही त्यावर हसत आलो होतो आणि सगळ्यांत मोठ्याने ते स्वतः हसत होते. मी उगीचच म्हशीकडे बघत बसलो.

"तुझं नशीब चांगलं," मामा म्हणाले. "तुला म्हशीनं तरी सांगितलं. माझ्या दारात म्हस न्हवती."

सर्जेराव उठला. त्याने मामांच्या मुठीतून ग्लास हळूच सोडवून घेतला. तळहात लालभडक झाला होता. वहिनी धावत पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि मामा "कशाला, कशाला" म्हणत राहिले.

सोमवारी सर्जेराव गेटवर आला तो टपरीवर न थांबता. मामांनी हात गालाला लावला. "गार हाय. आज खडू." डॉक्टरांनी पुढे तो 'आज' कायमचा केला. फेटलिंगमधून अर्थातच आरोळी आली, "या गुरुजी." सर्जेरावने खडू उचलला आणि म्हणाला, "वळीत हुबं ऱ्हावा. ज्याचं काम कच्चं, त्यो बाकावर." त्या दिवसानंतर खडूची चेष्टा कमी झाली, आणि गेटबाहेर हात शेकणारेही कमी झाले. सर्जेरावची बोटं पहिल्यासारखी झाली नाहीत, पण दुखणं आहे तिथेच थांबलं. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून तो धारेला बसायचा आणि म्हैस पान्हा सोडायची. मामा त्याची विचारपूस कधी थेट करत नसत. "म्हस काय म्हणती?" एवढंच विचारायचे.

गेल्या वर्षी मामा निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम त्यांच्या हट्टामुळे फेटलिंगमध्येच ठेवला होता. सगळे ग्राइंडर बंद होते आणि ती शांतता कानाला सोसत नव्हती. मालकांनी शाल घातली, नारळ दिला आणि चार चांगले शब्द बोलले. मामांना बोलायचा आग्रह झाला तेव्हा ते उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आवळून धरू नगा." भाषण संपलं.

मग लोक हात मिळवायला रांगेत आले. सर्जेराव पहिला होता. मामांनी सवयीने त्याचा हात धरायला दोन्ही हात पुढे केले. त्याने तो धरू दिला नाही. मामांचाच हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला आणि स्वतःच्या गालाला लावला. डोळे मिटून तो तसाच उभा राहिला. कुणी हसेना.

"गार हाय, मामा," तो म्हणाला. "आज खडू."

त्याने वरच्या खिशातला खडू काढून मामांच्या बोटांत ठेवला. तेव्हा कुठे सगळे हसले, मामाही हसले, आणि खडू धरलेला हात उंच करून त्यांनी आम्हाला दाखवला. पण खडू तोवर बोटांतून निसटून खाली पडला होता. मामांना ते कळलं नव्हतं. चिमूट तशीच घट्ट धरून ते आमच्याकडे बघून हसत होते, आणि त्यांच्या पायाशी तो खडू उचलायला सगळं फेटलिंग एकदम खाली वाकलं होतं.