डोंगराची वर्गणी

वर्गणी मागायला निघालं की माणूस पैसे किती आणतो ते सांगता येत नाही, पण किस्से मात्र नक्की आणतो. आमचे तर इतके साठलेत की तिघांपैकी कुणी दोघं भेटलो तरी चहा गार होतो. तिघं म्हणजे आमचे डॉक्टर कुलकर्णी, टेमघरचे वसंतराव पाटील आणि मी. मी तेव्हा भिवंडीत शाळेत शिकवत होते.

सुरुवात डॉक्टरांनी केली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ते आठवड्यातून एकदा अंबाडीला दवाखाना चालवायचे. पलीकडच्या एका पाड्यावरच्या बायका सारख्या कंबरदुखी घेऊन यायच्या. डॉक्टर गोळ्या द्यायचे, बायका पुन्हा यायच्या. शेवटी ते पाड्यावर गेले. मागचा डोंगर तोडून बोडका झालेला, झरा आटलेला, आणि बायका सरपणासाठी अन् पाण्यासाठी लांबलांब चाललेल्या. पाड्याने तेव्हाच ठरवलं होतं की डोंगरावर कुऱ्हाड चालू द्यायची नाही. खुंटांना पालवी फुटत होती, ती फक्त जपायला हवी होती. पण राखण करायला बसलेल्याची मजुरी बुडते, ती कोण देणार?

"ती आपण गोळा करू," असं डॉक्टर बोलून आले आणि मग आम्हाला सांगितलं.

* * *

डॉक्टरांनी भिवंडीतल्या दवाखान्यात पत्र्याचा एक डबा ठेवला. वर चिठ्ठी: 'जंगलासाठी.' बाकी काही नाही. डॉक्टर बोलायलाही असेच काटकसरी.

त्यांचे निम्मे पेशंट लूमवर काम करणारे, उत्तरेकडून आलेले. दोनचार दिवसांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की लोक जाताना त्यांच्या पाया पडतायत. एक बाई तर डोळे पुसत गेली. मग एक म्हातारा विणकर आला, काखेत नवीकोरी घोंगडी. ती टेबलावर ठेवून म्हणाला, "डॉक्टर साहब, जंगल में ठंड बहुत होती है. और ये बताइए, हमारी खाँसी अब कौन देखेगा?"

डॉक्टर संसार सोडून वनात चाललेत अशी बातमी सगळ्या गल्लीत पसरली होती. त्यांनी खरा प्रकार समजावून सांगितला. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि घोंगडी काही परत नेली नाही. "वहाँ जो बैठता है, उसको दे दो. ठंड तो उसको भी लगेगी," म्हणाला.

ती घोंगडी राखणदारांनी पुढे कितीतरी हिवाळे पांघरली.

* * *

वसंतराव पाटील मोठे जमीनवाले, मनाने दिलदार, पण दिलेलं दिसलं पाहिजे असं मानणारे. डोंगराच्या पायथ्याशी घालायच्या कंपाउंडसाठी त्यांनी सढळ हाताने दिलं आणि म्हणाले, "वडलांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवा."

पाड्यावर राखणीचा कारभार जानकीबाई बघायच्या. पन्नाशीच्या, सडसडीत, आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, "पाटीलदादा, दगडाला कोन पानी घालनार? तुमच्या नावाचा मोहाचा झाड लावू. त्याला आमी पाटीलच म्हनू."

पाटील विरघळले. झाड लागलं. अंबाडीहून येणारा कोणी भेटला की ते विचारायचे, "आमचा कसा काय?"

त्या उन्हाळ्यात जानकीबाईंनी वज्रेश्वरीहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे निरोप दिला. कंडक्टर भला माणूस, जसा निरोप मिळाला तसा त्याने टेमघरच्या नाक्यावर उतरून चहावाल्याला सांगितला, "पाटील गेला. पाड्यावरचे लई हळहळले."

पाटील दुपारचे झोपले होते. उठले तेव्हा अंगणात माणसं जमलेली. त्यांचे एक चुलते भिंतीला टेकून रडत होते. पाटील बनियनवर बाहेर आले, गर्दीकडे बघून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

चुलत्यांनी रडणं थांबवून आधी त्यांना हात लावून बघितला.

पावसाळ्यात जानकीबाईंचा दुसरा निरोप आला. या वेळी त्यांनी माणूसच पाठवला. तो दारात उभा राहून म्हणाला, "बाईनं सांगितलंय, पाटील मुळातून फुटला. पण औंदा शेळ्यांपासून जपायला लागंल."

पाटलांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

* * *

सगळंच असं हसण्यावारी जात नव्हतं. नव्वदच्या पुढे कधीतरी जानकीबाईंच्या दिरानेच पोरीच्या लग्नाच्या मांडवासाठी डोंगरावरची हाताएवढी झाडं तोडायला काढली. बाईंनी त्याची कुऱ्हाड धरली. तो म्हणाला, "पोरीचं लगीन उघड्यावर लावू?" पाड्याचे दोन तट पडले. एक घर सुटलं तर उद्या सगळेच सुटणार, हे सगळ्यांना कळत होतं. आणि पोरीला मांडव नाही, हेही कोणाला बघवत नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हा जानकीबाई ओटीवर एकट्याच बसल्या होत्या. "पोर माझ्या अंगावर वाढली, मॅडम," एवढंच म्हणाल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी पाटलांचा टेम्पो पाड्यावर पोचला. आत लोखंडी पाइप, जोडायच्या कड्या, आणि वरून टाकायला भिवंडीच्या लूमवरचं कोरं कापड. "हा मांडव पाड्याचा. भाडं नाही, परत द्यायचा नाही. प्रत्येक लग्नाला हाच," त्यांनी सांगून पाठवलं होतं.

दिराने पाइपला हात लावून बघितला, वाजवून बघितला. मग आंब्याचे टहाळे आणून स्वतःच त्याला बांधले आणि वहिनीला हाक मारली, "ये, बघ. लोखंडाला पालवी फुटली."

जानकीबाई आल्या. रडत होत्या की हसत होत्या ते मला लांबून कळलं नाही.

* * *

आता अन्सारीशेठ. त्यांचं सायझिंग होतं, म्हणजे लूमवर चढायच्या आधी सुताला खळ लावायचा कारखाना. त्याचा बॉयलर लाकडावर चालायचा. म्हणून त्यांच्याकडे जायला आम्ही कित्येक वर्षं कचरत होतो. एका मंदीत बाकीच्या वर्गण्या आटल्या, राखणदारांची मजुरी थकली, तेव्हा मात्र डॉक्टर उठले.

शेठनी सगळं ऐकलं. "लकड़ी तो मैं भी जलाता हूँ, डॉक्टर साहब. जानकर आए हो?"

"जानकरच आया हूँ," डॉक्टर म्हणाले.

राखणदारांची सगळी मजुरी शेठनी एकट्याने उचलली. वर सांगितलं, "मेरा नाम मत लगाना." पण पाड्यावर नाव कळलंच.

काही महिन्यांनी पाड्याच्या खाली भर दुपारी बायकांनी लाकडांचा ट्रक अडवला. डोंगराच्या मागच्या अंगाची ऐनाची झाडं होती, ताजी तोडलेली. जंगल खात्याचा माणूस येईपर्यंत गाडी हलू द्यायची नाही म्हणून बायका रस्त्यावरच बसल्या. ड्रायव्हर ओरडून सांगत होता की माल अन्सारीशेठच्या सायझिंगचा आहे. आणि तो खरं बोलत होता.

निरोप भिवंडीला आला तसे शेठ आम्हाला गाडीत घालून निघाले. वाटेत मी एकच हिशोब मांडत होते. हा माणूस रागावला तर मजुरी बंद, आणि मजुरी बंद झाली की डोंगर उघडा.

पोचलो तर लाकडाचा ठेकेदार धावत आला. "शेठ, आपका ही माल है. इनको बोलो, छोड़ दें. तनख्वाह तो आप ही देते हो."

जानकीबाई उठल्या. पदर खोचला आणि शेठच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"शेठ, पगार तुमी देता, ते आमाला म्हाईत हाय. आता तुमीच सांगा. राखू, का सोडू?"

शेठनी ट्रककडे पाहिलं. मग वर डोंगराकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहत होते ते. खालपासून वरपर्यंत हिरवा होता.

त्यांनी चपला काढून कडेला ठेवल्या, पांढऱ्या पायजम्याची पर्वा न करता बायकांच्या ओळीत जागा केली आणि रस्त्यावर मांडी घालून बसले.

ठेकेदार वाकून हळूच म्हणाला, "शेठ, ये आप क्या कर रहे हो?"

"दिखता नहीं?" शेठ म्हणाले. "ड्यूटी पे हूँ."