सिनेटरच्या आईचं नाव

सहार विमानतळावर सगळे रडत असताना आप्पांनी माझ्या हातात छापील फॉर्मचा गठ्ठा ठेवला. ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करत होते. "अमेरिकेत आपल्या आडनावाचं कोणी भेटलं तर भरून घे," एवढंच म्हणाले. पोटची मुलगी सातासमुद्रापार निघाली होती आणि यांना पडली होती आडनावाची.

ॲन आर्बरला नवरा पीएच.डी. करत होता आणि मला नोकरीची परवानगी नव्हती. म्हणून मी शेजारच्या गावातल्या छोट्याशा म्युझियममध्ये व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागले. त्या गावचा एकोणिसाव्या शतकातला एक सिनेटर होता, त्याची वंशावळ करायची होती. बापाकडच्या सहा पिढ्या थेट इंग्लंडपर्यंत तयार मिळाल्या. आईच्या जागी मात्र जिथे तिथे नुसतं 'पत्नी'. जुन्या नोंदींच्या मायक्रोफिल्म बघून बघून डोळे फुटायची वेळ आली. म्युझियम सांभाळणाऱ्या डोरोथीबाई म्हणायच्या, "लीव्ह इट ब्लँक, हनी. एव्हरीबडी डझ." माझं डोकंच फिरायचं. जन्म दिलेल्या बाईला नाव नसेल कसं? शेवटी हिवाळा सरताना एका चर्चच्या लग्ननोंदींच्या वहीत ती सापडली. हॅना, एका लोहाराची थोरली मुलगी. कोण कुठली ती, पण मी तिथेच बसून रडले.

त्याच आठवड्यात बोटीने आप्पांचं पुस्तक आलं. त्यात दोन्ही भाऊ होते, त्यांची मुलं होती, डिग्र्यासुद्धा होत्या. मी दारोदार फिरून ज्यांचे फॉर्म भरून पाठवले, ती माणसंही नावानिशी होती. माझी नोंद होती, 'कन्या एक, विवाहित.'

मी तडक फोन लावला.

"अगं, पद्धतच आहे ती," आप्पा म्हणाले. "तुझी नोंद सासरच्या पुस्तकात."

"तिथे मृणालिनी आहे, आप्पा. ती मला लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा भेटली. तुमची कुसुम कुठे आहे?"

"पुढच्या आवृत्तीत बघू," म्हणाले, आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारलं.

सिनेटरचा तक्ता भिंतीवर लागला तेव्हा खाली 'तयार करणार' म्हणून घालायला डोरोथीबाईंनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी कुसुम हे नाव दिलं, माहेरच्या आडनावासकट, आणि पुढे आईवडिलांची नावंही टाइप करायला लावली. "काय हे यार, इथे कोण ओळखतं तुला या नावाने?" नवरा म्हणाला.

कोणीच नाही. आप्पा गेले, पुढची आवृत्ती निघाली नाही. आप्पांच्या पुण्याच्या घराचा पत्ता मला अजून तोंडपाठ आहे. पण तुमच्यापैकी कोणी कधी मला शोधायला निघालात, तर तिथे जाऊ नका. आप्पांची मुलगी जगात एकाच ठिकाणी लिहिलेली आहे, मिशिगनमधल्या एका परक्या घराण्याच्या पायाशी.