कोरी कॅसेट

माझा काका संगीतकार होता, हे सांगताना आमच्या घरात सगळेच जरा अडखळत. ‘वाजवतो काहीतरी,’ असं माझे वडील म्हणायचे आणि विषय बदलायचे. काका पेटी वाजवायचा, पण निम्मा वेळ सुरांना हात न लावता नुसता भाता हलवायचा आणि त्यातून जाणारी हवा ऐकत बसायचा. परातीत खडेमीठ घालून ती गोल गोल फिरवायचा. आमच्या मोरवा गावातल्या भजनी मंडळानं एका गणपतीत त्याला साथीला बसवलं, तर तिसऱ्याच अभंगात तो भलतीकडे निघून गेला आणि आरतीपर्यंत परतला नाही. पुढच्या वर्षी त्याच्या हातात झांजा दिल्या. झांजांचंही व्हायचं ते झालंच.

एकदा वाजवलेलं तो पुन्हा वाजवत नसे. पाहुण्यांनी ‘मागच्या वेळचं वाजवा’ म्हटलं की तो अगदी प्रामाणिकपणे सांगायचा, ते आता येत नाही. लोकांना वाटायचं, भाव खातोय. मलाही वाटायचं. लहानपणी मला त्याची थोडी लाज वाटायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमचं घर भातशेती आणि मिठागरावर चाललेलं. लाकडी फळीनं मीठ ओढताना जो खरखर आवाज होतो, त्यानं काकाला बिघडवलं असं आजोबा म्हणत. मिठागर बंद व्हायचं ठरलं, त्या शेवटच्या हंगामात काका टेपरेकॉर्डर घेऊन बांधावर बसला. माणसं मीठ ओढतायत, मध्येच कुणी खोकतंय, खाडीवरून वारा येतोय, एवढंच त्यानं एका कॅसेटवर भरून घेतलं. वर निळ्या पेनानं एकच शब्द लिहिला: कोरी. मग ती खाटेखालच्या पेटाऱ्यात ठेवली.

मी तेव्हा दहावीला होते. उत्तरं स्वतःच्या आवाजात भरून ऐकली की डोक्यात पक्की बसतात, असं मैत्रिणीनं सांगितलेलं. मला रिकामी कॅसेट हवी होती. पेटाऱ्यातल्या एका कॅसेटवर ‘कोरी’ लिहिलेलं होतं. मराठी वाचता येणाऱ्या मुलीनं दुसरं काय समजायचं?

दोन दिवस बसून मी तिच्यावर अख्खा भूगोल भरला. एक उत्तर झालं की ते ऐकायचं, मग पुढचं बोलायचं. ऐकताना टेप थोडी पुढे जायची आणि माझ्या दोन उत्तरांच्या मध्ये खर्र खर्र असं काहीतरी वाजायचं. मला वाटलं, टेपमध्ये धूळ गेली. मी कापसाच्या बोळ्यानं ती निगुतीनं पुसलीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी काका घरभर शोधत होता. माझी कोरी कुणी पाहिली का, असं प्रत्येकाला विचारत होता. मी शहाणपणा करत म्हटलं, कोरी कॅसेट काय, दुकानात मिळेल. तो थांबला आणि मला समजावून सांगू लागला.

“दुकानातली न्हाय. कोऱ्या चायसारखी कोरी. तिच्यात काय मिसळलेला न्हाय.”

तेव्हा ती खरखर कसली होती ते मला कळलं. मिठागर तर बंद झालेलं. आता ते परत कुठून भरून आणणार? दुपारी सगळे झोपल्यावर कॅसेट पेटाऱ्याच्या तळाशी नेऊन ठेवली. आठवड्यानं पेटाऱ्याला कुलूप लागलेलं दिसलं. काका मला काहीच बोलला नाही. त्यानंतर त्यानं टेपरेकॉर्डर घेऊन आवाज भरायला जाणंही सोडलं. भूगोलात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले, आणि पेढे देताना मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

ही गोष्ट मी तीस वर्षं पोटात ठेवली. मी मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत राहायला आले, दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. भूगोल शिकवायचं मात्र शक्यतो टाळलं; त्यासाठी दुसऱ्या बाई नेमल्या.

काका गेल्या वर्षी गेला. म्हातारपणी त्याच्याकडे काही तरुण मुलंमुली यायची. त्याच्याशेजारी बसून तीही भाता हलवायची, पत्रा वाजवायची. मीरा रोडच्या एका छोट्या हॉलमध्ये सगळ्यांनी जमून काकाच्या कॅसेट ऐकायच्या, असं त्यांनी ठरवलं. काकीनं मला फोन केला. त्याचं अक्षर तुलाच लागतं, तूच येऊन निवड.

मी गेले तेव्हा मुद्दाम मोठी पर्स घेऊन गेले. खोटं कशाला बोलू, ती कॅसेट गुपचूप घरी आणायची असंच मनात होतं. चारचौघांत काकाचं मिठागर ऐकायला बसलेल्या लोकांना माझा भूगोल ऐकू येणार, हे मला होऊ द्यायचं नव्हतं.

काकीनं किल्ली दिली आणि माझ्या समोरच पाट घेऊन बसली. कॅसेट तळाशी नव्हती. सगळ्यांत वर होती, कडा झिजलेली, हाताळून हाताळून लेबल मऊ पडलेलं. मी ती पदराआड करायच्या आतच काकी म्हणाली, ही लाव, ही त्याची लाडकी. तिनंच ती माझ्याकडून घेतली आणि लावली.

माझा सोळा वर्षांचा आवाज आला, ठसकेबाज आणि अतिशय आगाऊ. “भौगोलिक कारणे लिहा. कोकण किनाऱ्यावर मिठागरे आढळतात.” सपाट जमीन, खारं पाणी, कडक ऊन, मी धडाधडा कारणं सांगितली आणि थांबले. मग खर्र, खर्र. कुणीतरी खोकलं. फळी पुन्हा ओढली गेली. मग मी पुढच्या प्रश्नाला हात घातला. जणू बाई विचारतेय आणि मिठागर आपल्या परीनं उत्तर देतंय.

मी रडत रडत काकीला सगळं सांगितलं. तिनं टेप बंद केली. मग म्हणाली, “आमाला ठाव हाय गो. पहिले दोन दिस तो नीट जेवला न्हाय. मंग ऐकली आन हसाय लागला. तुला बोलू नको म्हनाला. पोर घाबरंल, परत असं ठसक्यात बोलायची न्हाय.”

मी कुलपाचं विचारलं. ते तुझ्या बापासाठी, असं काकी म्हणाली. त्यानं भजनं भरायला दोन ‘कोऱ्या’ नेल्या होत्या. आणि आवाज भरायला जाणं का सोडलं? मिठागरच उरलं नाही, तर जाणार कुठे.

मग तिनं सांगितलं की जिथे कुणी बोलवेल तिथे काका ही कॅसेट घेऊन जायचा. ती लावायचा आणि माझ्या आवाजाखाली नुसता भाता हलवत बसायचा. सगळ्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यानं पुन्हा पुन्हा वाजवली.

छातीवरचं ओझं उतरतं म्हणतात, ते मला त्या दुपारी कळलं. मी कॅसेट काढली आणि पहिल्यांदाच लेबल नीट वाचलं. ‘कोरी’वर निळ्या पेनाची एक काट मारलेली होती. खाली त्याच अक्षरात लिहिलं होतं: दुधाची.

काकी आत चहा टाकायला उठली. तिनं तिथूनच विचारलं, कोरा करू की दुधाचा?

“दुधाचा,” मी म्हटलं.